जाम झालेला शॅकल बोल्ट आणि तुमचं कोटेशन

आजचा विषय जरा तेलकट आहे, पण स्वतःचं गॅरेज टाकायचं मनात असेल तर पूर्ण वाचा. जुन्या टेम्पोचे पाटे बदलताना पैसा पाट्यांत जात नाही, तो जातो न सुटणाऱ्या बोल्टांत.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळी वाहणारा एखादा जुना ४०७ घ्या. क्रेटमधला बर्फ वितळतो, खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेंबथेंब चॅसीवर आणि पाट्यांवर पडतं. वर्षानुवर्षं. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये तो पाचर मारल्यासारखा बसतो. अशा वेळी पान्याला लांब पाइप लावून जोर केला की बोल्टचं डोकं गोल होतं, नाहीतर बोल्टच तुटतो.

आता हिशोब बघा. समजा मागचे पाटे बदलायची मजुरी तुम्ही २,४०० रुपये सांगितली. स्वच्छ गाडीवर हे चार तासांचं काम धरलं, तर तासाला ६०० पडले. गंजलेल्या गाडीवर तेच काम दहा तास चाललं आणि वर ४०० रुपयांचा गॅस आणि ग्राइंडरच्या डिस्क गेल्या, तर हातात तासाला २०० राहिले. शिवाय दिवसभर जागा अडली, दुसरी गाडी परत गेली ती वेगळीच.

म्हणून काम आदल्या संध्याकाळपासून सुरू करा. तारेच्या ब्रशने बाहेर दिसणारे आटे साफ करा, मग पेनिट्रेटिंग ऑइल मारा, तासाभराने परत मारा, रात्रभर मुरू द्या. (निळ्या-पिवळ्या डब्यातला साधा डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेला. जाम नटासाठी खास पेनिट्रेटिंग ऑइल घ्या.) सकाळी हातोडीने नटाच्या कडांवर ठोके द्या. हादऱ्याने गंज तडकतो आणि तेल आत शिरतं. सहा कोनी गोटीच वापरा, बारा कोनी घसरते. आधी नट किंचित आवळायच्या दिशेने हलवायचा, मग सोडायचा. थोडा सुटला की परत आवळा, परत सोडा, मध्ये तेल. एका दमात काढायला गेलात तर आट्यांत गंजाचा चुरा भरतो आणि नट पुन्हा अडकतो.

शॅकलच्या बोल्टला गंजाबरोबर वजनही धरून ठेवतं. चॅसी घोडीवर, अॅक्सल जॅकवर. जॅक थोडा वर, थोडा खाली करत जा. एका जागी पाट्याचा ताण सुटतो आणि बोल्ट हलका होतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कोणी शिरायचं नाही, मालकाने तर नाहीच नाही.

तरी नाही सुटला तर गॅसची उष्णता. ती नटाला द्यायची, बोल्टला नाही. २० मिलिमीटरचा नट ४०० अंशांनी तापला की त्याचं भोक जेमतेम एक दशांश मिलिमीटर फुगतं, पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. थोडा निवल्यावर मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. गरम नटावर तेलाचा स्प्रे मात्र मारू नका, भडका उडेल. डिझेल टाकी, ब्रेकचा पाइप, वायरिंग जवळ असेल तर टॉर्च पेटवूच नका. आणि जे पाटे परत बसवायचे आहेत त्यांना ज्वाला लागू द्यायची नाही. त्यांचं टेम्परिंग उतरतं आणि भरलेल्या गाडीखाली पाटा तुटतो.

पिकअपच्या रबर बुशमध्ये वेगळीच गंमत असते. नट सहज निघतो, पण बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटलेला असतो. फिरवला की रबरासकट फिरतो, घण मारला की रबर मार खातं. तिथे अर्धा तास दिला की बास. बुशच्या दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा, बुशही नवीन घाला. यू-बोल्टचं तर मी विचारतच नाही, सरळ कापतो. एकदा ताणून बसलेला यू-बोल्ट परत वापरायचाच नसतो, मग तो वाचवायला घाम का गाळायचा?

हे सगळं गिऱ्हाइकाला कामाआधी सांगायचं. गाडी लिफ्टवर असो की खड्ड्यावर, गंजाचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवा. कोटेशनचे दोन भाग करा: ठरलेली मजुरी, आणि कापाव्या लागलेल्या प्रत्येक बोल्टमागे वेगळा दर, जास्तीत जास्त अमुक इतका. "अहो दादा, चार बोल्टांचे एवढे?" हे येणारच. तेव्हा म्हणायचं, "भाऊ, सहज सुटले तर एक रुपया नाही. कापावे लागले तर इतके, याच्या वर नाही." कमाल आकडा आधी कळला की माणूस शांत असतो. बिलाच्या वेळी तोच आकडा पहिल्यांदा ऐकला की भांडतो. कापलेले बोल्ट पिशवीत घालून त्याच्या हातात द्या.

मासळीच्या गाड्यांना हे काम जून-जुलैच्या मासेमारी बंदीत सुचवा. गाडी उभीच असते, रात्रभर तेल मुरवायला मालक कुरकुर करत नाही आणि पावसात तुमचीही जागा रिकामी राहत नाही.

बसवताना रबर बुशचा बोल्ट गाडी चाकांवर टेकल्यावरच शेवटचा आवळा. लटकत्या अवस्थेत आवळलात तर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. बोल्टच्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझचा पातळ हात द्या, आट्यांना नको. आटे बुळबुळीत झाले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. यू-बोल्टचे नट तिरक्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, कंपनीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला. नवीन पाटे काहीशे किलोमीटरमध्ये बसतात आणि नट सैल पडतात, म्हणून परत आवळायची तारीख बिलावरच लिहून द्या, फुकट. त्या दिवशी ग्रीस गनही हाताशी ठेवा.