तान्हे बाळ सव्ताच्या घरी निजते तेव्हा



आपल्या घरांतून आता आईला बाळंतपणाची पगारी रजा साधारण पंधरा आठवड्यांची मिळते. ती संपली की पुष्कळ सुना आणि लेकी कामावर परततात, आणि बाळ येते सव्ताकडे. म्हणजे बाळ तेव्हा साडेतीन-चार महिन्यांचे असते. झोपेत अचानक दगावण्याचा, ज्याला इथे ‘मावेत बा-अरिसा’ म्हणजे पाळण्यातला मृत्यू म्हणतात, त्याचा धोका पहिल्या महिन्यापासून चौथ्या महिन्यापर्यंत सर्वांत जास्त असतो. सहा महिन्यांनंतर तो बराच कमी होतो. अशा नाजूक वयात बाळ आपल्या हाती येते, म्हणून हा पाठ आईबापांपेक्षाही आजी-आजोबांसाठी लिहिला आहे.

घरोघरी वाद होतो तो एकाच गोष्टीवर. सून म्हणते, बाळाला उताणे निजवा. सव्ता म्हणते, “उताणे निजवले तर दचकून उठते, आणि दूध ओकले तर घशात अडकेल. पालथे कसे शांत झोपते बघ!” दोघींचेही म्हणणे हवेतले नाही. तेव्हा हा वाद आला कुठून ते आधी पाहू.

कोकणात, अलिबाग-पेण-रेवदंड्याकडे, आपल्या पणज्या बाळाला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात उताणेच निजवीत. पालथे पडणे हे बाळाने स्वतः करायचे काम होते आणि ते केले की घरात कौतुक होई. पालथे निजवण्याची चाल पश्चिमेकडून आली. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनाचे पुस्तक जगभर खपले. त्याच्या 1956 च्या आवृत्तीपासून बाळाला पोटावर निजवणे बरे, असा सल्ला त्यात होता. त्या काळी ज्यांची बाळंतपणे झाली त्यांनी डॉक्टर-नर्सच्या तोंडून हेच ऐकले असेल, तर नवल नाही. सव्ता हट्टी आहे असे समजून सुनेने तोंड वाकडे करू नये. सव्ता त्या काळची शिकलेलीच आहे.

पण पुढे काय झाले? हॉलंडमध्ये सत्तरीच्या दशकात पालथे निजवण्याची चाल पसरली आणि पाळण्यातले मृत्यू वाढले. 1985 साली डॉ. डेव्हिस यांनी हाँगकाँगमधून लिहिले की तिथे असे मृत्यू फारच विरळा आहेत; तिथली बाळे उताणी निजत. 1987 मध्ये हॉलंडने पालथे निजवू नका असे सांगायला सुरुवात केली आणि मृत्यू घटू लागले. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये मोठी पाहणी सुरू झाली, तिनेही तेच दाखवले. ब्रिटनने 1991 च्या डिसेंबरात मोहीम काढली, अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 1992 मध्ये सल्ला बदलला. अमेरिकेत 1990 साली दर लाख जन्मांमागे सुमारे 130 बाळे अशी जात होती. 2020 साली हा आकडा सुमारे 38 होता. यातली काही घट मृत्यूचे कारण नोंदवण्याची रीत बदलल्यामुळे दिसते हे खरे, पण मोठा वाटा उताण्या झोपेचाच. 2005 साली जुन्या अभ्यासांची छाननी झाली तेव्हा असे निघाले की 1970 च्या सुमारासच हा धोका ओळखता आला असता आणि हजारो बाळे वाचली असती. इस्राएलच्या आरोग्य मंत्रालयाचा आणि तिपत हलावच्या नर्सचाही आज हाच सल्ला आहे : रात्र असो की दुपार, बाळ उताणेच निजवायचे. कुशीवरही नाही, कारण कुशीवरून ते सहज पालथे होते.

आता सव्ताच्या दोन शंका. पालथे बाळ शांत झोपते, हे अगदी खरे. पण धोका नेमका तिथेच आहे. पालथ्या बाळाची झोप जास्त गाढ लागते, अंग जास्त तापते, आणि तोंड गादीत असले तर सोडलेलाच श्वास ते पुन्हा आत घेते. अशा वेळी बाळाने दचकून जागे व्हायला हवे, मान वळवायला हवी, रडायला हवे. गाढ झोपेतले बाळ ते करीत नाही. दचकून उठणे हे त्याचे रक्षण आहे.

दुसरी शंका ओकारीची. श्वासनळी पुढच्या बाजूला असते आणि अन्ननळी तिच्या मागे. बाळ उताणे असले की श्वासनळी वर राहते, अन्ननळी खाली. वर आलेल्या दुधाला श्वासनळीत शिरायचे तर चढावे लागेल; बाळ ते गिळते नाहीतर खोकून बाहेर टाकते. पालथे केले की उलटे होते, श्वासनळी खाली येते. ज्या बाळाला काही खास आजार आहे त्याच्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल, तर गोष्ट निराळी.

एक गोष्ट मात्र प्रत्येक सव्ताने आणि साबाने गाठीला बांधावी. जे बाळ घरी रोज उताणे निजते त्याला एखाद्याच दिवशी पालथे निजवले, तर त्याचा धोका रोज पालथे निजणाऱ्या बाळापेक्षाही अनेक पटींनी वाढतो. त्याच्या मानेला आणि अंगाला ती सवयच नसते. म्हणजे “आज एक दिवस माझ्या पद्धतीने, सुनेला काय कळणार” हे शब्बाथच्या दुपारचे सव्ताचे औदार्य सर्वांत महाग पडू शकते. बाळ आपणहून दोन्हीकडे वळू लागले की मात्र निजवताना उताणे ठेवावे आणि मग ते पालथे झाले तर रात्रभर उठून उलटे करीत बसू नये. जागेपणी, आपल्या डोळ्यांसमोर, त्याला रोज थोडा वेळ जरूर पालथे घालावे. त्याने मान आणि खांदे बळकट होतात.

अंथरुणाचे म्हणाल तर ते जितके ओकेबोके तितके चांगले. टणक सपाट गादी, तिच्यावर ताणून घातलेली चादर आणि बाळ. बस्स. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देण्याची आपली रीत इथे सोडावी. त्यापेक्षा एका दिवशी डोके उजवीकडे, दुसऱ्या दिवशी डावीकडे ठेवावे. आईच्या जुन्या साडीची मऊ गोधडी मायेची खरी, पण पहिले वर्षभर ती पाळण्याबाहेर. थंडी असेल तर अंगात एक कपडा जास्त घालावा किंवा झोपायची पिशवी वापरावी. कठड्याला बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या तर विकतच घेऊ नयेत. घडीच्या पाळण्याची गादी कडक वाटली म्हणून तिच्यावर दुसरी टाकू नये, फटीत बाळाचे तोंड अडकते. माळ्यावरचा जुना लाकडी पाळणा काढणार असाल, तर गजांमधले अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे, आणि एक बाजू खाली सरकणारा असेल तर तो माळ्यावरच राहू द्यावा. अमेरिकेत 2011 पासून तशा पाळण्यांच्या विक्रीला बंदी आहे.

झोळीत आणि मोटारीतल्या सल-कालमध्ये बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वास कोंडतो. प्रवासात सल-काल हवेच, पण घरी पोहोचल्यावर “झोपलंय, राहू दे तसंच” म्हणू नये. उचलून पाळण्यात ठेवावे. गळ्यात काळे मणी, साखळी, दोरा नको. निळ्या डोळ्याचे पदक हवेच असेल तर ते भिंतीवर लावा, बाळाच्या अंगरख्याला पिनेने नव्हे.

आता कुशीत घेऊन निजण्याबद्दल. शलमोन राजाच्या न्यायनिवाड्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे, पण ती सुरू कशी होते ते आपण विसरतो. मेलाखीमच्या पहिल्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायात त्या दोघींपैकी एकीचे मूल रात्री मेले, कारण ती झोपेत त्याच्या अंगावर आली. तलवार आणि निवाडा नंतरचा. तेव्हा पहिले सहा महिने तरी बाळ मोठ्यांच्याच खोलीत, पण आपल्या वेगळ्या बिछान्यात असावे. सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन डुलकी काढणे हे सर्वांत वाईट. किद्दुशचे दोन पेले झालेल्या साबाने किंवा झोपेची गोळी घेतलेल्या सव्ताने बाळाला शेजारी घेऊच नये. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर धोका आणखी वाढतो. बाल्कनीत ओढली म्हणून भागत नाही, कपड्यांना धूर असतोच. उलट आईचे दूध आणि झोपताना दिलेले मोत्सेत्स यांनी धोका कमी होतो. मोत्सेत्स दोरीने गळ्यात मात्र अडकवू नये.

हिवाळ्यात आपण बाळाला फार गुंडाळतो. हातपाय गार लागले तरी घाबरू नये, मानेमागे हात लावून पाहावे. तिथे घाम असेल तर एक कपडा उतरवावा. घरात टोपी नको. उन्हाळ्यात बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून दुपटे पांघरतात, त्याने आतली हवा कोंडते आणि तापते. शेक-शेगडी इथे फारसे कोणी करीत नाही, पण बंद खोलीत कोळसे कधीही पेटवू नयेत. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

मूल उभे राहू लागले की पाळणा खिडकीपासून दूर करावा. त्रिसाचा पट्टा आणि पडद्याची दोरी गळ्याला फास होऊ शकते.

आणि बाळ श्वास घेत नाही, निळे पडले असे दिसले तर शेजाऱ्याला हाक मारीत बसू नये. लगेच 101 ला फोन करून माइक मोठा करावा. मागेन दाविद आदोमची माणसे काय करायचे ते एकेक पायरीने सांगतात. शब्बाथ असला तरी, योम किप्पूर असला तरी फोन उचलायचा. तिथे पिकुआख नेफेश आहे, रब्बीला विचारायला थांबायचे नाही.