चुलीपुढचा हिशेब : टाकी, लाकूड आणि शेण



उसाला खत किती, पाणी किती, एकरी टनेज किती, हा हिशेब आपण तोंडपाठ सांगतो. पण घरात वर्षाला जळण किती लागतं, असं कुणी विचारलं की आपण गप्प बसतो. मोठ्या शहरांत गॅस नळानं घरात येतो. आपल्या आजरा भागातल्या वाड्यावस्त्यांवर मात्र टाकी, लाकूड नाहीतर शेण, यांवरच चूल पेटते. रेशनच्या रॉकेलसाठी रांगा धरलेले सभासदही आपल्यात आहेत. म्हणून या अंकात जळणाचा धडा घेऊ.

१) खरी उष्णता किती?

एक किलो टाकीच्या गॅसात सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता असते, तर एक किलो वाळल्या लाकडात सुमारे ४,०००. पण साध्या चुलीत शंभरातली दहा-पंधराच भांड्याला लागते. बाकीची धुराबरोबर जाते आणि तो धूर बायकापोरांच्या डोळ्यांत व छातीत जातो. गॅसच्या शेगडीवर शंभरातली साठ-पासष्ट कामी येते. म्हणजे १४.२ किलोच्या एका टाकीचं काम करायला साधारण दोनशे किलो लाकूड जाळावं लागतं. लाकूड फुकट मिळालं, तरी तोडणं, वाहणं आणि धूर यांची किंमत कुणीतरी देतंच.

त्यात लाकूड ओलं असेल तर विचारायलाच नको. आपल्या कारखान्याच्या बॉयलरला जाणाऱ्या बगॅसमध्ये जवळपास निम्मं पाणी असतं. ते वाफ होऊन गेल्याशिवाय उष्णता हाती लागत नाही. पावसाळ्यातल्या ओल्या लाकडाचंही तेच. तेव्हा वर्षाचं जळण वैशाखातच फोडून, वाळवून आडोशाला रचावं.

२) टाकी घेताना

रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. समजा ते १५.३ किलो आहे. त्यात १४.२ मिळवले की भरलेली टाकी २९.५ किलो भरली पाहिजे. दारात वजन करून मागणं हा आपला हक्क आहे, त्यात संकोच नको. टाकीच्या गळ्याजवळच्या पट्टीवर तपासणीची मुदत असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर आणि डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. मुदत उलटलेली टाकी घेऊ नये.

हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे गळला की जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नये, बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांनी बाहेर यावं आणि १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

३) गोठ्यातला गॅस

दोन घनमीटरच्या गोबर गॅसला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं. चार-पाच जनावरं असली की भागतं. एक घनमीटर गोबर गॅस म्हणजे जवळपास ०.४५ किलो टाकीचा गॅस. म्हणजे दोन घनमीटरला रोज ०.९ किलो झाला. सोळा दिवसांत एक टाकी गोठ्यातच तयार! वर शेणातलं नत्र स्लरीत टिकून राहतं. ती उसाला द्यावी.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. थंडीत आणि झडीच्या पावसात गॅस कमी होतो, कारण तो तयार करणाऱ्या जंतूंना ऊब लागते. पावसाचं पाणी कुंडीत शिरू देऊ नये. दुसरं, टाकीच्या शेगडीला हा गॅस जोडू नये. त्याची शेगडी वेगळी असते.

आता घरचा अभ्यास. टाकी लावल्याची आणि संपल्याची तारीख वर्षभर कॅलेंडरवर लिहावी. गोठ्यातलं शेण आठ दिवस मोजावं. मग घरच्या माणसांना, विशेषतः चुलीपुढं बसणाऱ्या माउलीला विचारूनच ठरवावं. या हिशेबात तिचं मत आधी धरलं पाहिजे.