दुकानाचा हिशेब कोणाच्या कपाटात?

कापड दुकानात ठाणाच्या चिठ्ठीवर विक्रीच्या भावाशेजारी दोन-तीन अक्षरे लिहिलेली असतात. गिऱ्हाइकाला ती निरर्थक वाटतात. वास्तविक तो खरेदीचा भाव असतो. दहा निरनिराळ्या अक्षरांचा एखादा शब्द घरात ठरलेला असतो, पहिले अक्षर म्हणजे एक, दुसरे म्हणजे दोन, आणि त्या हिशेबाने गादीवर बसणाऱ्यालाच मूळ किंमत कळते. आमच्या वडिलांनी हा शब्द आम्हाला दुकानात बसू लागल्यावर तब्बल दोन वर्षांनी सांगितला होता. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून होणारा सौदाही याच जातीचा. आपला भाव आणि आपले गिऱ्हाईक झाकून ठेवण्याची कला व्यापाऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही.

आणि तोच व्यापारी आज काय करतो? सुरतच्या खरेदी बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो, उधारीची यादी इंटरनेटवरच्या मोफत तक्त्यात ठेवतो, आणि नवे ॲप फोनमधील नावे-नंबर मागते तेव्हा न वाचता होकार देतो. आमच्या भूम परिसरातील खव्याच्या भट्टीवाल्याचे उदाहरण घ्या. रोज कोणाला किती माल जातो आणि कोणत्या दराने जातो, ही यादी म्हणजेच त्याची पुंजी. शिंप्याकडे तर बायाबापड्यांची मापे आणि नंबर असतात. ही दुसऱ्याची अमानत आहे, याचा विचार फोन हातात असताना कोणी करीत नाही.

आम्हीही करीत नव्हतो. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्या दुकानाचे मोफत खाते उघडेनासे झाले. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर जुना होता, तो केव्हाच बंद पडला होता, आणि ओळख पटविण्याचा आकडा नेमका त्याच नंबरवर जात होता. तक्रार कोठे करावी? ना कचेरी, ना माणूस, फक्त भरायचे फॉर्म. आत चार वर्षांची बिले आणि संपूर्ण उधारी होती. काही गिऱ्हाइकांनी स्वतः येऊन आपली बाकी सांगितली, हे त्यांचे इमान. काहींची बाकी आम्हालाच आठवली नाही. ते खाते आजतागायत उघडलेले नाही.

हे लहान दुकानदाराच्याच बाबतीत घडते असे मात्र नाही. मुंबईत मुख्य कार्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीचे वाडीनारचे कारखाने आणि देशभरचे पेट्रोल पंप प्रसिद्ध आहेत. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टची सुमारे ४९ टक्के भागीदारी आहे. युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये तिच्यावर निर्बंध लादले, आणि त्यापाठोपाठ अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्टने तिची ईमेल व इतर सेवा बंद केली. कंपनीने पैसे भरलेले होते आणि ती भारताच्या कायद्याप्रमाणे चालत होती, तरी तिचीच कागदपत्रे तिला दिसेनाशी झाली. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली, दरम्यान मुंबईच्याच रेडिफकडून ईमेलची सोय करून घेतली, आणि महिनाअखेरीस मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केली. नायराजवळ वकील होते. भूमच्या दुकानदाराजवळ कोण आहे?

तेव्हा प्रश्न दोन आहेत. आपला हिशेब कोण वाचतो, आणि आपण मागितला तर तो परत मिळतो काय. दोन्ही निरनिराळे तपासावे लागतात.

पहिल्याविषयी भीतीपोटी पुष्कळ खोटेही बोलले जाते, म्हणून नेमके सांगतो. जीमेलमधील मजकूर २०१७ पर्यंत जाहिरातींसाठी यंत्राकडून चाळला जात असे. ते थांबवीत असल्याचे गूगलने त्या वर्षी जाहीर केले. व्हॉट्सॲपवरचे खासगी संदेश २०१६ पासून कुलूपबंद असतात, ते कंपनीलाही वाचता येत नाहीत. परंतु कोण कोणाशी केव्हा आणि किती वेळा बोलतो, ही माहिती निराळी असते, आणि बाजारात तिचीच किंमत आहे. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये ही माहिती मूळ कंपनीच्या इतर सेवांना देण्याची अट घातली. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी रुपयांचा दंड केला.

युरोपात या गोष्टीकडे अधिक कडकपणे पाहिले जाते. तेथील माहिती-संरक्षण कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या आधाराने वाढलेल्या कंपन्यांपैकी जर्मनीच्या हॅनोव्हर शहरातील टुटा ही ईमेल सेवा आहे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण तेथील जिनिव्हाची प्रोटॉन ही सेवाही याच वळणाची आहे. या दोन्हींत पेटीतील टपाल कुलूप लावून साठविले जाते आणि किल्ली खातेदाराच्या पासवर्डात असते. थोड्या जागेचे खाते मोफत मिळते. कंपनीचे उत्पन्न जाहिरातीतून न येता जास्त जागा घेणाऱ्यांच्या वर्गणीतून येते, हा मुद्दा व्यापाऱ्याने सर्वांत आधी पाहावा. जो पैसे घेतो त्याचा धंदा कळतो. जो घेत नाही त्याचा शोधावा लागतो.

या सेवांच्या ॲपची रचना खुली आहे, याचा अर्थ शिलाई मशीनवरून लवकर कळेल. मशीनचे झाकण उघडते, सुटे भाग बाजारात मिळतात, कोणत्याही गावचा मिस्त्री ती दुरुस्त करतो. समजा एखादे मशीन सीलबंद आले आणि कंपनीच्या माणसाशिवाय कोणाला उघडताच आले नाही, तर कोण शिंपी घेईल? संगणकाच्या बहुतेक कार्यप्रणाली मात्र आपण तशाच घेतल्या. खुल्या रचनेची कार्यप्रणाली कोणीही तपासू शकतो, आणि ती बनविणारी संस्था बंद पडली तरी दुसरा चालवू शकतो. लिनक्स हे याचे नामांकित उदाहरण; फिनलंडमधील एका विद्यार्थ्याने त्याची सुरुवात १९९१ मध्ये केली.

उर्दू शाळेत शिकलेल्यांना सीलबंद मशीनचा अनुभव आधीच आहे. नव्वदच्या दशकात इनपेज आले आणि कातिबांचे काम संगणकावर गेले. नस्तालिक सुंदर उमटे, पण ती फाईल इनपेजशिवाय कोठे वाचता येत नसे. मराठीच्या जुन्या फॉन्टचेही तेच. दुसऱ्या संगणकावर गेले की अक्षरांचा काला होई. युनिकोड आल्यावर ही कटकट मिटली. हिशेबाच्या बाबतीत लिबरऑफिस हेच काम करते. त्याचा कारभार बर्लिनची एक संस्था पाहते, ते फुकट आहे, एक्सेलच्या फाईली उघडते, आणि मराठी व उर्दू दोन्ही लिहिते. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपले सुमारे ३०,००० सरकारी संगणक त्याच्यावर नेण्याचे ठरविले. आपल्याकडे मुंबईत कृष्णकांत माने या दृष्टिहीन प्रोग्रामरच्या पुढाकाराने जीएनयू-खाता ही खुली लेखा-प्रणाली तयार झाली. ती बसवायला जाणकार माणूस लागतो, आणि आपल्या सी.ए.ला विचारल्याशिवाय चालू हिशेब तिच्यावर नेऊ नये. ज्यांचे टॅली स्वतःच्या संगणकावर आहे त्यांनी घाई करण्याचे कारण नाही. रचना बंद असली तरी वही घरातच आहे.

येथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे, कारण युरोपचे नाव ऐकून काहीजण डोळे मिटून विश्वास ठेवतात. नायरावरचे निर्बंध युरोपचेच होते. प्रोटॉननेही २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून एका फ्रेंच खातेदाराची जोडणीविषयक माहिती दिली होती. टपालातला मजकूर तिला देता आला नाही, एवढाच कुलपाचा उपयोग. आणि एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने भारतात प्रोटॉन मेल बंद करण्याचे पाऊल उचलावे असा आदेश केंद्र सरकारला दिला. सबब देश पाहून दुकान निवडू नये. माल केव्हाही उचलून नेता येतो की नाही ते पाहावे.

आम्ही स्वतः केले ते असे. उधारीची यादी लिबरऑफिसमध्ये दुकानाच्या संगणकावर आणली. खरेदी-बिलांसाठी टुटावर नवे खाते काढले, परंतु जीएसटी पोर्टल आणि बँकेतील ईमेल बदलून होईपर्यंत दुसरे जुने खाते चालू ठेवले. हा क्रम उलटा केला तर फजिती होते. व्हॉट्सॲप सोडले नाही, गिऱ्हाईक तेथेच आहे. मात्र चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचा पर्याय २०२१ पासून मिळतो, तो चालू केला, कारण एरवी संदेशांची प्रत त्या कुलपाशिवाय गूगलकडे जाते. भागीदारांशी भावाची बोलणी सिग्नलवर होतात. ही अमेरिकेतील ना-नफा संस्थेची सेवा आहे, युरोपची नव्हे, पण रचना खुली आहे. थोरला मुलगा म्हणाला, अब्बा, भूममध्ये आपली बिले वाचायला कोण बसले आहे? त्याला चिठ्ठीवरची अक्षरे दाखविली.

कायद्याकडेही लक्ष असावे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. गिऱ्हाइकाचे नाव, नंबर आणि माप संगणकात ठेवणारे दुकानही या कायद्यापासून सुटलेले नाही.

या सेवांत पासवर्ड विसरला तर कंपनीजवळ दुसरी किल्ली नसते. खाते काढताना एक लांबलचक आकडा मिळतो, तेवढाच आधार. आम्ही तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवला आहे, महिनाअखेरीस उधारीची छापील प्रत काढतो, आणि एक पेनड्राइव्ह धाकट्या भावाच्या घरी असतो.