मंत्रिमंडळाचे अंदाज आणि एक ‘हलके’ खाते

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

नवे पंतप्रधान ठरल्यापासून त्यांच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी होईपर्यंतचे दिवस आपल्याकडे अंदाजांचे असतात. निकालाची धामधूम संपलेली असते आणि कारभार सुरू व्हायचा असतो. या मधल्या काळात वृत्तपत्रे रोज नवी यादी छापतात. निगडीच्या बसथांब्यावर, भोसरीतल्या शेडच्या दारात चहाच्या वेळी, एस.टी.च्या प्रवासात एकच चर्चा चाललेली असते : महाराष्ट्राला किती मंत्रिपदे मिळणार आणि कोणाची वर्णी लागणार? राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा रिकामपणचा उद्योग समजून त्याकडे पाठ फिरवू नये, असे मला वाटते. लोक सत्तेकडे काय मागतात हे जाहीरनाम्यांपेक्षा या अंदाजांतून अधिक स्पष्ट दिसते. त्याचबरोबर लोकांच्या नजरेतून काय निसटते, हेही त्यांतूनच कळते. प्रस्तुत लेखाचा भर या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

प्रथम घटनेतील तरतूद पाहू. पंचाहत्तराव्या कलमाप्रमाणे पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि इतर मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्याने होते. मंत्री संसदेच्या कोणत्याही सभागृहाचा सदस्य नसला तरी सहा महिने मंत्री राहू शकतो. १९९१ साली शरद पवार मुख्यमंत्रिपद सोडून नरसिंह रावांच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री झाले, ते याच सवलतीवर. बारामतीची जागा त्यांच्यासाठी नंतर मोकळी करण्यात आली. पुण्याचे प्रकाश जावडेकर मे २०१४ मध्ये शपथ घेताना कोणत्याच सभागृहात नव्हते; पुढच्याच महिन्यात ते मध्य प्रदेशातून राज्यसभेवर गेले. मंत्र्यांच्या संख्येला पूर्वी बंधन नव्हते. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने ते आले. लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या पंधरा टक्क्यांहून अधिक मंत्री नेमता येत नाहीत, म्हणजे ५४३ च्या सभागृहात पंतप्रधानांसह जास्तीत जास्त ८१.

घटना इथे थांबते. कोणत्या राज्याला किती, मित्रपक्षाला कोणत्या प्रमाणात, विदर्भ-मराठवाडा-कोकण यांचा तोल कसा राखायचा, यांबद्दल तिच्यात चकार शब्द नाही. अंदाज बांधणाऱ्यांचे सारे काम या मोकळ्या जागेत चालते. त्यांच्या मोजपट्ट्या ठरलेल्या आहेत : खासदारांची संख्या, नेत्याची ज्येष्ठता, प्रदेश, जात, आणि दिल्लीहून आलेला किंवा न आलेला दूरध्वनी. या मोजपट्ट्या अगदीच खोट्या नाहीत. परंतु त्या माणूस मोजतात, खाते मोजत नाहीत. खात्याचा विचार झालाच तर ते ‘वजनदार’ की ‘हलके’ एवढाच होतो.

अंदाज चुकतात कसे याचे जुने उदाहरण १९७७ चे आहे. मोरारजी देसाई पंतप्रधान झाले तेव्हा पाच गटांची मोट बांधायची होती. जगजीवन राम सुरुवातीला मंत्रिमंडळात यायला तयार नव्हते. मराठवाड्यात जन्मलेले आणि बलरामपूरहून निवडून आलेले नानाजी देशमुख यांना मंत्रिपद देऊ केले गेले, पण त्यांनी ते नाकारले. पुण्याचे खासदार मोहन धारिया यांच्याकडे व्यापार खाते आले. आपल्या पट्ट्याच्या दृष्टीने खरे महत्त्व होते उद्योग खात्याला. ते प्रथम ब्रिजलाल वर्मा यांच्याकडे गेले आणि जॉर्ज फर्नांडिस यांना दळणवळण मिळाले. काही महिन्यांतच दोघांची अदलाबदल झाली, आणि विदेशी कंपन्यांशी झालेला तो गाजलेला संघर्ष फर्नांडिस यांच्या नावावर जमा झाला. पहिल्या दिवसाच्या यादीवरून ही कथा कोणाला सांगता आली असती?

त्या काळी उद्योग खाते वजनदार होते, आणि त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यामुळे कारखाना काढण्यासाठी, वाढवण्यासाठी आणि नवा माल काढण्यासाठी परवाना लागे. आकुर्डीच्या स्कूटरसाठी गिऱ्हाईक वर्षानुवर्षे थांबत असे, तरी कारखान्याला मनाप्रमाणे उत्पादन वाढवता येत नसे. मर्यादा दिल्लीत ठरत होती. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० मध्ये आणि महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. या वाढीमागे कारखानदारांची जिद्द आणि औद्योगिक विकास महामंडळाची जमीन होती, तशी दिल्लीतील एक सहीही होती. ज्याच्या हाती ती सही, त्याचे खाते मोठे.

२४ जुलै १९९१ रोजी हे चित्र पालटले. त्या वेळीही पंतप्रधान नवे होते. अंदाज करणाऱ्यांचे लक्ष पवारांच्या संरक्षण खात्याकडे आणि शंकरराव चव्हाणांच्या गृह खात्याकडे होते. अर्थखाते राजकारणाबाहेरच्या डॉ. मनमोहन सिंग यांना मिळाले, याचे आश्चर्य अनेक दिवस चालले. उद्योग खाते मात्र नरसिंह रावांनी स्वतःकडेच ठेवले होते, आणि बहुतेक उद्योगांची परवान्यातून सुटका करणारे धोरण त्याच खात्यातून बाहेर पडले. मोटारगाड्यांचा परवाना १९९३ मध्ये गेला. चाकणला देशी-विदेशी गाड्यांचे कारखाने उभे राहू शकले, त्याची वाट इथून मोकळी झाली. अर्थात यामुळे उद्योगविषयक खात्यांच्या हातातले मुख्य हत्यारही गेले. मोटार उद्योगाची पाटी ज्या दारावर आहे ते अवजड उद्योग खाते यानंतर ‘हलके’ गणले जाऊ लागले.

या ‘हलक्या’ खात्याचे मंत्री कोण कोण झाले, ही यादी माझ्या मते प्रत्येक पिंपरीकराने एकदा तरी पाहावी. वाजपेयींच्या काळात मनोहर जोशी, बाळासाहेब विखे पाटील आणि सुबोध मोहिते हे तिघेही शिवसेनेच्या वाट्यातून या खात्याचे मंत्री होते. मे २००९ मध्ये विलासराव देशमुख आले, जानेवारी २०११ मध्ये प्रफुल्ल पटेल, मे २०१४ मध्ये अनंत गीते, मे २०१९ मध्ये अरविंद सावंत. नोव्हेंबर २०१९ मध्ये सावंतांनी राजीनामा दिल्यावर जुलै २०२१ पर्यंत अतिरिक्त कार्यभार प्रकाश जावडेकर यांच्याकडे होता. म्हणजे २००९ ते २०२१ अशी सलग बारा वर्षे देशाच्या मोटार उद्योगाचे खाते महाराष्ट्राच्या माणसाकडे होते. सरकार बदलले, पंतप्रधान बदलले, पक्ष बदलले, तरी हे खाते आपल्याकडेच राहिले. याचा आनंद झाल्याचे मात्र कुठे दिसत नाही.

२०१४ चा प्रसंग या बाबतीत बोलका आहे. नरेंद्र मोदी प्रथमच पंतप्रधान होत होते. २६ मे रोजी सकाळी भावी मंत्र्यांना गुजरात भवनात बोलावण्यात आले आणि सायंकाळी पंतप्रधानांसह ४६ जणांनी शपथ घेतली. महाराष्ट्रातून नितीन गडकरी, गोपीनाथ मुंडे, अनंत गीते, पीयूष गोयल, जावडेकर आणि रावसाहेब दानवे ही नावे आली. रामदास आठवले यांचे नाव अंदाजांत होते. त्यांना २०१६ पर्यंत थांबावे लागले. शिवसेनेचे १८ खासदार आणि मंत्री एक, म्हणून सेनेत नाराजी होतीच. खातेवाटपात गीते यांच्या पदरी अवजड उद्योग पडले तेव्हा ती वाढली. गीते पूर्वी ऊर्जामंत्री होते. त्यामुळे ही पायरी खालची आहे असे समजले गेले आणि त्यांनी लगेच पदभार स्वीकारला नाही. पाच वर्षांनी पुन्हा १८ खासदार, पुन्हा एक मंत्री आणि पुन्हा तेच खाते!

पक्षाच्या दृष्टीने ही नाराजी समजण्यासारखी आहे. अशा खात्यातून कार्यकर्त्यांना देण्याजोगे काही निघत नाही. रस्ता नाही, पूल नाही, रेल्वेगाडीचा थांबा नाही. प्रश्न आहे तो आपला, म्हणजे या पट्ट्यातल्या लोकांचा. गीते खात्यावर होते तेव्हा, एप्रिल २०१५ मध्ये, विजेवर चालणाऱ्या वाहनांना अनुदान देणारी ‘फेम’ योजना सुरू झाली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तिचा दहा हजार कोटींचा दुसरा टप्पा मंजूर झाला. पुण्याच्या टेकडीवर १९६६ पासून असलेली मोटार संशोधन संस्था, म्हणजे एआरएआय, याच खात्याशी जोडलेली आहे. १ जून २०२३ पासून विजेच्या दुचाकींवरील अनुदान एका अधिसूचनेने घटवले गेले आणि त्या गाड्यांच्या किमती एकदम वाढल्या. गाडीची मागणी हलली की तिची झळ आधी मोठ्या कारखान्याला लागत नाही. ती लागते त्याच्यासाठी सुटे भाग करणाऱ्या शेडला आणि तिथल्या कंत्राटी पोराला. त्याची दुसरी शिफ्ट बंद होते, ओव्हरटाइम जातो, मग ब्रेक मिळतो. खाते हलके असले तरी त्याच्या कागदाचे वजन भोसरीत जाणवते.

तथापि अतिशयोक्ती टाळली पाहिजे. मोटार उद्योगाचे भवितव्य एका खात्यात ठरत नाही. धुराचे निकष रस्ते वाहतूक खात्याकडून येतात. जानेवारी २०१६ मध्ये गडकरींनी भारत स्टेज पाच वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट सहावर जायचे जाहीर केले, आणि इथल्या इंजिन विभागांची घडीच बदलली. कर वस्तू व सेवा कर परिषदेत ठरतो. मार्च २०१७ मध्ये तर भारत स्टेज तीनच्या गाड्यांची विक्री सर्वोच्च न्यायालयाने दोन दिवसांत थांबवली. तिथे कोणताच मंत्री उपयोगाचा नव्हता. तेव्हा ‘आपला माणूस मंत्री झाला की आपले काम झाले’ हे समीकरण दोन्ही बाजूंनी लंगडे आहे. बारा वर्षे आपली माणसे होती, म्हणून इथल्या कंत्राटी कामगाराचा प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. तो विषयच मुळी श्रम खात्याचा. पण त्या बारा वर्षांत आपण त्या खात्याकडे काही मागितले का, हेही विचारायला हवे.

या संदर्भात पिंपरीचेच एक उदाहरण अधिक टोचणारे आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५४ मध्ये इथे स्थापन झाला. पिंपरीची औद्योगिक ओळखच त्याच्यापासून सुरू होते. वसाहत, शाळा, झाडी असे एक छोटे गावच त्याच्याभोवती वसले. हा कारखाना येतो रसायने व खते मंत्रालयाखाली. मे २०१४ च्या अंदाजांत हे मंत्रालय कोणाला मिळणार याची चर्चा पिंपरीत कोणी केली असेल असे वाटत नाही. ते अनंत कुमार यांना मिळाले. कारखाना तोट्यात होता, पगार थकत होते, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कारखान्याची जादा जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला. ज्या वसाहतीतले लोक गडकरींना रेल्वे मिळेल की रस्ते यावर पैजा लावत असतील, त्यांच्या पगाराचा निर्णय बंगळुरूच्या मंत्र्याच्या टेबलावर होता. नोव्हेंबर २०१४ च्या विस्तारात चंद्रपूरचे हंसराज अहीर याच मंत्रालयात राज्यमंत्री झाले होते. त्या विस्ताराच्या बातम्यांत मात्र सारी जागा सुरेश प्रभूंचे पक्षांतर, मनोहर पर्रीकरांचे संरक्षण खाते आणि विमानतळावरून माघारी फिरलेले अनिल देसाई यांनी व्यापली होती. बातमी म्हणून त्या तिन्ही गोष्टी रंजक होत्या, हे मान्य.

आता अलीकडची गोष्ट. पिंपरी आणि चिंचवड हे विधानसभा मतदारसंघ मावळ लोकसभा मतदारसंघात येतात; भोसरी आणि चाकण शिरूरमध्ये. मावळमधून श्रीरंग बारणे २०१४, २०१९ आणि २०२४ असे तीनदा निवडून आले. जून २०२४ मध्ये त्यांच्या पक्षाचे सात खासदार होते आणि मंत्रिपद आले एकच, तेही स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्रिपद. ते बुलढाण्याच्या प्रतापराव जाधवांकडे गेले. राष्ट्रवादीच्या वाट्याला तेवढेच देऊ केले गेले, तेव्हा पूर्वी कॅबिनेट मंत्री राहिलेले प्रफुल्ल पटेल यांनी ते घेतले नाही. पुण्याचे मुरलीधर मोहोळ पहिल्याच खेपेत राज्यमंत्री झाले. बारणे यांनी नाराजी उघड बोलून दाखवली. त्यांचा मुद्दा गणिताचा होता : पाच खासदारांच्या, दोन खासदारांच्या, इतकेच काय एका खासदाराच्या पक्षालाही कॅबिनेट मंत्रिपद मिळते, मग सातांच्या पक्षाला का नाही? गणित चूक नव्हते. आपल्याकडची चर्चाही त्या गणितावरच थांबली.

त्या गणितातला दोन खासदारांचा पक्ष म्हणजे कर्नाटकातील जनता दल (सेक्युलर). त्याचे मंत्री एच. डी. कुमारस्वामी यांना पोलाद खाते मिळाले आणि त्याला जोडून अवजड उद्योग. सप्टेंबर २०२४ मध्ये विजेवरील वाहनांसाठी दहा हजार नऊशे कोटींची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली. ती राबवणारे खाते तेच. आकुर्डीच्या ज्या आवारात एकेकाळी परवान्याच्या मर्यादेत स्कूटरी निघत, तिथे २०२२ पासून विजेची चेतक तयार होते.