आजचं वचन : कलस्सै 3:23, आणि 4:1 पण!



काम माणसासाठी नाही, प्रभूसाठी करायचं, हे 3:23 आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला असतं. पण पौलाने ते दासांना लिहिलंय. मालेगावात यंत्रमागावर तासन्‌तास उभ्या असलेल्या कामगाराला ते ऐकवणं फार सोपं. पुढे वाचा ना! 4:1 मध्ये पौल थेट धन्यांकडे वळतो: दासांशी न्यायाने वागा, तुमचाही धनी स्वर्गात आहे. अध्याय तर 13व्या शतकात पाडले. मूळ पत्रात तिथे खंडच नव्हता. (आपण मात्र नेमके तिथेच थांबतो.) पौल स्वतः तंबू करून पोट भरायचा, प्रेषितांची कृत्ये 18:3.

“मी कुठला धनी?” असं वाटतंय? भांडीवाल्या मावशींचा खाडा कापताना तुम्ही धनीच असता. त्यांचा पगार राहिला असेल तर आधी तो द्या, मग प्रार्थनेला बसा.