पाण्याची पाळी

पाटाच्या पाण्याला पाळी असते, हे तुम्हांला ठाऊक आहे. आज रात्री एकाचे पाणी, उद्या रात्री दुसऱ्याचे. पाळी मोडली की भांडण होते. भावाभावांत बोलणे बंद होते.

पाटाचे पाणी पिकाला लागते. एकाने घेतले तर दुसऱ्याला उरत नाही. म्हणून पाळी. पण ज्या पाण्यावरून नुसत्या नावा जातात, त्याला पाळी कशाला? नाव निघून गेली तरी पाणी जागच्या जागीच राहते ना?

तुम्ही असे म्हणाल. पण तिथेही भांडण होते, आणि तिथेही पाळी लागते. कशी, ते या धड्यात वाचा.

पाण्याच्या खाली शेत

आपल्या कोकणातून समुद्राच्या काठाकाठाने खाली दक्षिणेला निघालो, की आधी गोवा लागतो. मग कर्नाटक लागते. त्यानंतर केरळ. केरळात अलप्पुळा नावाचे शहर आहे. जुने लोक त्याला अलेप्पी म्हणतात. शहराच्या एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला वेंबनाड नावाचे मोठे सरोवर. पंपा, मणिमला, अच्चनकोविल, मीनच्चिल या नद्या डोंगरातून येतात आणि या सरोवराला मिळतात. नद्यांना फाटे फुटले आहेत. फाट्यांना ओहळ, ओहळांना कालवे. जिकडे बघावे तिकडे पाणीच पाणी.

या पाण्याच्या मुलखाला कुट्टनाड म्हणतात. इथला शेतकरी मोठा धाडसाचा. त्याचे भाताचे शेत समुद्राच्या पातळीहून खाली आहे. थोडेथोडके नाही, ०.६ मीटरपासून २.२ मीटरपर्यंत खाली! म्हणजे काही ठिकाणी उभा माणूस बुडेल इतके.

मग शेतात पाणी कसे शिरत नाही? बांधामुळे. सरोवराच्या तळाचा चिखल काढून बापजाद्यांनी बांध घातले. आतले पाणी उपसून बाहेर टाकले. पूर्वी पायाने चाक फिरवून पाणी उपसत. आता विजेच्या मोटारीने उपसतात. आपल्याकडे खाडीच्या काठी खारबंदिस्ती असते. ती ज्याने पाहिली आहे, त्याला हे चटकन समजेल. बांध फुटला की पीक गेले. एका शेताचे नाही, त्या बांधाच्या आतल्या सगळ्यांचे.

अशी शेती जगात फार थोड्या ठिकाणी आहे. म्हणून २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने या शेतीला जगाचा वारसा म्हणून मान दिला.

पुष्कळांची घरे बांधावरच आहेत. घराच्या मागे खाली शेत, घराच्या पुढे पाणी. दारासमोर पाण्यात उतरायला पायऱ्या. त्याच पायऱ्यांवर भांडी घासायची, कपडे धुवायचे, अंघोळ करायची. पोर शाळेला निघाले की तिथूनच नावेत बसते. आपल्याकडे एस. टी. धावते, तशी तिकडे सरकारी प्रवासी बोट धावते. आपल्या दारासमोर रस्ता असतो, अंगण असते, पाणवठा असतो. त्यांच्या दारासमोर हे तिन्ही एकच आहे. ते म्हणजे पाणी.

भाताची नाव पाहुण्यांची झाली

या पाण्यावर पूर्वी मोठाल्या नावा चालत. त्यांना केट्टुवळ्ळम म्हणतात. केट्टु म्हणजे बांधलेली, वळ्ळम म्हणजे नाव. या नावेच्या फळ्या खिळ्यांनी ठोकत नाहीत. काथ्याच्या दोरीने शिवतात. वरून काजूपासून काढलेले काळे रोगण देतात. या नावांतून तांदूळ, नारळ, मसाले कोचीच्या बंदरात जात.

पुढे रस्ते झाले, पूल झाले, ट्रक आले. नावांचे काम गेले. नावाडी रिकामे बसले. सुमारे १९९० नंतर काही लोकांना युक्ती सुचली. नावेवर बांबूचे आणि चटयांचे छप्पर चढवले. आत खाटा टाकल्या, संडास-न्हाणीघर केले, स्वयंपाकघर केले. इंजिन बसवले. पाहुणे येऊन राहू लागले. हीच हाउसबोट. हाउसबोट म्हणजे पाण्यावर चालणारे घर.

धंदा वाढला. देशातले, परदेशातले पाहुणे आले. एकाच्या दहा, दहाच्या शंभर, शंभराच्या हजार नावा झाल्या. नावाड्याला काम मिळाले. स्वयंपाक्याला, सुताराला, काथ्या वळणाऱ्याला काम मिळाले. मासे आणि भाजी विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळाले. ही चांगली गोष्ट झाली.

पण काठावर राहणारे लोक कुरकुर करू लागले.

काठावरच्यांचे म्हणणे

शेतकरी म्हणतो, इंजिनाची नाव जोरात गेली की लाट उठते. ती लाट माझ्या बांधावर आपटते. एका लाटेने काही होत नाही. पण दिवसभर लाटा आपटल्या की माती सुटते. बांध पोखरतो. हिवाळ्यात तर आतले पाणी उपसून आम्ही भात लावलेले असते. बांधाच्या एका बाजूला पाण्याचा दाब, दुसऱ्या बाजूला कोरडी खोली. नेमका तोच पाहुण्यांचा हंगाम.

कोळी म्हणतो, माझे जाळे पाण्यात असते. नावेचा पंखा त्यात अडकला की जाळे फाटते. इंजिनाचे तेल पाण्यावर तरंगते. मासळीला आणि शिंपल्यांना त्याचा वास लागतो.

घरातली बाई म्हणते, मी पायरीवर धुणे धुते, अंघोळ करते. नाव समोरून जाते. वरचे लोक माझ्याकडे बघतात, फोटो काढतात. मला कोणी विचारले का? माझी पायरी म्हणजे काही तमाशाचा फड नाही.

म्हातारा म्हणतो, रात्री नाव माझ्या दारासमोर बांधतात. खोली गार ठेवायला जनरेटर चालतो. गाणी लागतात. मला झोप नाही.

आणि सगळेच म्हणतात, नावेवरचा मैला कुठे जातो? नावेत टाकी असते. ती केंद्रावर नेऊन रिकामी करायची, असा नियम आहे. पण काही जण अंधारात पाण्यातच सोडतात. सगळीकडे पाणी, आणि प्यायला मात्र नाही! कुट्टनाडात पिण्याच्या पाण्याची फार टंचाई आहे. कित्येक घरांना पिण्याचे पाणी नावेतून आणावे लागते.

यात आणखी एक अडचण आहे. समुद्राचे खारे पाणी शेतात शिरू नये, म्हणून सरोवरावर तण्णीरमुक्कम इथे दारांचा मोठा बंधारा बांधला आहे. हिवाळ्यात त्याची दारे लावतात. भाताला ते हवेच. पण दारे लावली की पाणी वाहत नाही. साचून राहते. वाहत्या पाण्यात घाण निघून जाते. साचलेल्या पाण्यात ती तिथेच मुरते.

नाववाल्यांचे म्हणणे

एकाच बाजूचे ऐकून न्याय होत नाही. आता दुसरी बाजू ऐका.

नाववाला म्हणतो, मी कर्ज काढून नाव केली. सरकारचा परवाना घेतला. माझ्या नावेवर काम करणारे लोक याच गावचे आहेत. एकाचा भाऊ शेती करतो, तो माझ्याकडे सुकाणू धरतो. घाण काय माझ्या एकट्याच्या नावेची आहे? शहरातले सांडपाणी याच पाण्यात येते. शेतावर फवारलेले औषध आणि खतही इथेच उतरते.

हे खोटे नाही. पाण्यात सगळ्यांचीच घाण आहे. पण दुसऱ्याने घाण केली म्हणून आपणही करावी, असे होत नाही.

पाहुणा काय म्हणतो? तो म्हणतो, मी पैसे मोजले आहेत. मला नियम कोणी सांगितले नाहीत. हेही पुष्कळदा खरे असते. पाहुणा एक रात्र राहतो आणि सकाळी जातो. लाट, मैला आणि फाटके जाळे काठावरच्याला उरते.

साडेपाचचा नियम

आता पाळीची गोष्ट. अलप्पुळ्यात एक नियम आहे. संध्याकाळी साडेपाच वाजले की हाउसबोटीने चालायचे नाही. जागा बघून थांबायचे, दोर बांधायचा. सकाळ झाल्यावर पुढे निघायचे. का? कारण रात्री कोळी जाळी टाकतात.

बघा, किती साधी गोष्ट आहे! पाणी तेच. त्याचे दोन तुकडे करता येत नाहीत. मधे कुंपण घालता येत नाही. पण वेळेचे दोन तुकडे करता येतात. दिवस पाहुण्यांच्या नावेचा, रात्र कोळ्याच्या जाळ्याची. दोघांचेही पोट भरते. पाटाच्या पाण्याची पाळी आणि ही पाळी, दोन्हींचे तत्त्व एकच आहे.

वेळेचा नियम जीवही वाचवतो. ७ मे २०२३ रोजी केरळातच, मलप्पुरम जिल्ह्यात तानूर इथे, पाहुण्यांची एक बोट उलटली. बोटीत जास्त माणसे भरली होती. ठरलेली वेळ टळून गेली होती. २२ माणसे बुडून मेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती.

वेळेची पाळी ठरली, तशी बाकीच्या गोष्टींचीही ठरवता येते. अरुंद कालव्यात नाव हळू चालवावी, म्हणजे लाट उठत नाही. कोणाच्या दारासमोर नाव बांधायची, तर त्याला विचारून बांधावी. मैल्याची टाकी केंद्रावरच रिकामी करावी. इंजिनाच्या घाणीवरही उपाय निघत आहेत. जानेवारी २०१७ मध्ये वेंबनाडवर वैकम ते तवणक्कडवू अशी ‘आदित्य’ नावाची प्रवासी बोट सुरू झाली. तीत ७५ माणसे बसतात. ती उन्हावर, म्हणजे सूर्याच्या विजेवर चालते. तिला डिझेल लागत नाही. पाण्यात तेल सांडत नाही. आवाजही फार नाही.

पण नियम कागदावर असून भागत नाही. पाटाची पाळी पाटकरी राखतो. पाटकरी झोपला की चोरून दारे मोडणारे निघतातच. तसेच इथे. मैला सोडणाऱ्याला पकडायला माणूस हवा, आणि पकडल्यावर दंड व्हायला हवा. टाकी रिकामी करायचे केंद्र जवळ हवे आणि चालू हवे. केंद्र लांब असले, बंद असले, तर भला माणूसही वाईट वाट धरतो. हे काम अजून पुरे झालेले नाही. म्हणून भांडणही पुरे मिटलेले नाही.

पुराच्या दिवशी

तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात मोठा पूर आला. कुट्टनाडचे बांध फुटले. घरांत पाणी शिरले. हजारो माणसांना काढून अलप्पुळ्याला आणायचे होते. तेव्हा मिळेल ती नाव पाण्यात उतरली. कोळ्यांच्या होड्या आल्या, सरकारी बोटी आल्या, आणि पाहुण्यांच्या हाउसबोटीही आल्या. ज्या नावेच्या लाटेवर शेतकरी रागावत होता, तसल्याच नावेत त्याची बायकोपोरे बसून कोरड्या जागी गेली.

म्हणून नाव वैरी नाही. पाहुणाही वैरी नाही. पाळी नसणे, हा वैरी.

आपल्याला काय घेण्यासारखे

आपल्या गावाला नदी असेल, खाडी असेल, धरणाचे पाणी असेल. आज ना उद्या तिथेही पाहुणे नावा घेऊन येतील. काही ठिकाणी आलेही आहेत. ते येण्याआधीच ग्रामसभेत बसून ठरवावे. पाणवठा कुठला, नावेची जागा कुठली? कोणत्या वेळी नाव चालेल, कोणत्या वेळी नाही? घाण कुठे टाकायची? नियम मोडला तर दंड किती, आणि तो घेणार कोण? हे सगळे लिहून ठेवावे. काठावर पाटी लावावी. तुम्ही आता वाचायला शिकलात. ती पाटी तुम्हीच लिहू शकता.

आणि आपण पाहुणे म्हणून दुसऱ्याच्या गावी गेलो, तर? नावेत बसण्याआधी ती केव्हा थांबते ते विचारावे. माणसे जास्त भरली असतील तर चढू नये. लाइफ जॅकेट मागून घ्यावे. कोणाच्या पायरीकडे टक लावून बघू नये. पाण्यात काही टाकू नये. ते पाणी म्हणजे कुणाचे तरी अंगण आहे.

नवे शब्द

हाउसबोट – राहण्याची सोय असलेली नाव.
सुकाणू – नावेला दिशा देण्याचे साधन.
काथ्या – नारळाच्या सोडणाचा धागा.
पाटकरी – पाटाचे पाणी सोडणारा व पाळी राखणारा माणूस.
परवाना – सरकारची लेखी परवानगी.

प्रश्न

१. कुट्टनाडच्या शेताला बांध का लागतो?
२. लाटेने शेतकऱ्याचे काय नुकसान होते?
३. साडेपाचच्या नियमाने कोणाकोणाचा फायदा होतो?
४. नाववाल्याचे कोणते म्हणणे तुम्हांला पटते? कोणते पटत नाही?
५. तुमच्या गावच्या पाणवठ्यासाठी तीन नियम वहीत लिहा. वर्गात वाचून दाखवा.