कृष्णेचा पूर आणि सातवीचे गणित

प्रश्न : सातारा-सांगलीच्या शाळांत नागरी प्रश्नांशी जोडलेल्या गणितपाठांवर संशोधन करायचे असल्यास विषय कोणता निवडावा?

उत्तर : कृष्णेच्या पुराइतका सकस विषय येथे दुसरा नाही. कोयना धरणातून एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, विसर्ग दिवसभर चालला तर ८.६४ टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी बाहेर पडते, हे सातवीचा विद्यार्थी गुणाकाराने काढू शकतो. आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट असताना २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, हे त्याला ठाऊक असते. संशोधकाने मात्र केवळ गुण मोजू नयेत. घर केव्हा सोडावे याची विद्यार्थ्यांनी पाठापूर्वी व पाठानंतर लिहिलेली कारणे ताडून पाहावीत, आणि पूर सोसलेल्या मुलांवर सहभागाची सक्ती करू नये.